दोन तपासण्यांमधील दिवस

(अंडाशयाच्या कर्करोगावरील उपचार पूर्ण केलेल्या भगिनी व त्यांचे कुटुंबीय यांच्या ८ मे रोजी झालेल्या मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



८ मे हा दिवस २०१३ सालापासून जगभर अंडाशयाच्या कर्करोगाविषयी जागृतीचा दिवस म्हणून पाळला जातो. अशा दिवशी व्यासपीठावरून रोगाची लक्षणे, निदान, नवीन औषधे यांविषयी बोलण्याचा प्रघात आहे आणि ते काम आमच्या डॉक्टरांनी सकाळच्या सत्रात उत्तम रीतीने पार पाडले आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. औषधांचे मला कळते ते त्यांच्या खरेदीच्या दरापुरते. ‘तुम्हीही दोन शब्द बोला’ असे विभागप्रमुखांनी सुचविले, तेव्हा मी त्यांना विचारले की, ज्यांचे उपचार संपले आहेत, ज्यांच्या केसपेपरवर ‘आजाराचा मागमूस नाही’ असा शेरा आहे, त्यांच्याशी हिशेबाच्या माणसाने काय बोलावे? ते म्हणाले, ‘तुमच्या खिडकीवर जे दिसते ते बोला.’

तपासणी अहवाल देण्याची खिडकी आमच्या रुग्णालयात प्रशासनाच्या अखत्यारीत येते. तेथे दिसते ते असे. तपासणीच्या तारखेच्या आधीच्या आठवड्यात दूरध्वनी वाढतात. ‘डॉक्टर त्या दिवशी आहेत ना?’ एवढेच विचारायचे असते, पण तोच प्रश्न एकच भगिनी तीन वेळा विचारते. रक्त देऊन झाले तरी काही जणी घरी जाण्यास तयार नसतात. अहवाल तयार होईपर्यंत औषधांच्या दुकानासमोरच्या बाकावर बसून राहतात. कोणी पाकीट घेते आणि न उघडता पिशवीत ठेवते. ते उघडण्याचे काम घरी गेल्यावर मुलाचे. कोणी तिथल्या तिथे उघडते, आकडा वाचते आणि पावतीच्या मागच्या बाजूला मागील वेळचा आकडा लिहून वजाबाकी करते. काही अहवाल तर आमच्या कपाटातच राहतात, आठवडेच्या आठवडे. पैसे भरलेले असतात, अहवालही निर्दोष असतो, पण न्यायला कोणी येत नाही.

रुग्ण आला नाही म्हणजे गाडीभाडे नसेल किंवा मजुरी बुडत असेल, असे धर्मादाय रुग्णालयात काम करणारा कोणीही प्रथम समजतो. पुष्कळदा ते खरेही असते. कर्करोग रुग्णांसाठी रेल्वेची जी भाडेसवलत आहे ती उपचारांप्रमाणेच नियमित तपासणीच्या प्रवासालाही लागू आहे; शयनयान व वातानुकूलित तृतीय श्रेणीत रुग्णास संपूर्ण व सोबत्यास ७५ टक्के सूट मिळते, आणि तिचा अर्ज आमच्या कार्यालयात भरून मिळतो. एवढे सांगूनही ज्या येत नाहीत त्यांची अडचण भाड्याची नसते. त्यांना त्या खिडकीचीच धास्ती वाटते.

डॉक्टरी भाषेत याला पुनरुद्भवाचे भय म्हणतात. आपल्या घरगुती मराठीत याहून नेमका शब्द आहे. विषमज्वर ‘उलटला’ असे आपल्या आज्या म्हणत. आजार उलटेल का, हा या सभागृहातील प्रत्येकीच्या मनातला प्रश्न आहे; घरी तो उच्चारला जात नाही, म्हणून येथे मी तो मोठ्याने उच्चारीत आहे.

या भयाला ‘मनाचे खेळ’ म्हणणे मला मान्य नाही. भारतात २०२२ साली सुमारे ४७ हजार स्त्रियांना हा आजार नव्याने झाला, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. बहुसंख्य जणींत निदान होते तेव्हा तो पोटात पसरलेला असतो. आणि अशा पुढच्या टप्प्यावर निदान झालेल्यांपैकी सुमारे ७० टक्के किंवा त्याहून अधिक जणींत, पहिल्या उपचारांना उत्तम प्रतिसाद मिळूनही, काही काळाने तो पुन्हा डोके वर काढतो. त्यातही पहिली दोन-तीन वर्षे अधिक जोखमीची. पहिल्याच टप्प्यात निदान झालेल्यांची गोष्ट पुष्कळ निराळी व आशादायक आहे. हे आकडे आजच्या दिवशी सांगणे काहींना निष्ठुरपणाचे वाटेल. परंतु आपल्यापैकी बहुतेकींना ते डॉक्टरांनी सांगितलेले आहेत, आणि ज्यांना सांगितले नाहीत त्यांच्या मुलांनी ते मोबाईलवर वाचलेले आहेत. जी शक्यता खरोखरच आहे तिची भीती वाटण्यात दुबळेपणा कोणता?

त्याच आकड्यांच्या जोडीला दुसरेही आकडे आहेत, आणि ते मुले सहसा वाचत नाहीत. केमोथेरपी संपून सहा महिन्यांहून अधिक काळ लोटल्यावर आजार उलटला, तर प्लॅटिनम वर्गातील औषधांना तो बहुधा पुन्हा प्रतिसाद देतो. काळजीपूर्वक निवडलेल्या रुग्णांत दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया केल्याने आयुष्य वाढते, हे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसून आले. ज्यांच्या बीआरसीए जनुकात दोष आहे अशा स्त्रियांनी पहिल्या उपचारांनंतर ओलापॅरिब ही गोळी दोन वर्षे घेतली, तेव्हा सात वर्षांनी त्यांतील ६७ टक्के हयात होत्या. ज्यांना औषधाविना नुसती गोळी दिली त्यांत हे प्रमाण सुमारे ४७ टक्के होते. तेव्हा आजार उलटणे म्हणजे सारे संपणे, हे समीकरण आज चुकीचे आहे. ते भयातून मात्र जात नाही, हे मला माहीत आहे.

या आजाराच्या भयाला एक खास जाच आहे. स्तनाच्या कर्करोगात गाठ हाताला लागते. येथे जे लक्षण आहे ते रोजच्या पोटाचे आहे. पोट फुगणे, दोन घास खाताच भरल्यासारखे वाटणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीला जावे लागणे. यांतील कोणते लक्षण तुमच्या-आमच्या घरात महिन्यातून एकदा दिसत नाही? एका भगिनीने आमच्या समाजसेविकेला सांगितले, ‘पूर्वी एकादशीला साबुदाण्याने पोट गच्च झालं की चिमूटभर ओवा खायचे आणि झोपायचे. आता रात्रभर पोटावर हात ठेवून जागी असते.’ तिने अखेर उपवास सोडले; देवावरची श्रद्धा कमी झाली म्हणून नव्हे, तर द्वादशीपर्यंतची रात्र काढवत नाही म्हणून. दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून पितात हे खरेच. पण येथे पोळणारे आणि निवविणारे दोन्ही एकाच पेल्यात आहे.

यासाठी आमच्या डॉक्टरांनी एक साधी कसोटी कागदावर छापून दिली आहे. नवे लक्षण, जे पूर्वी नव्हते. जे दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज टिकून आहे. आणि जे ओवा-सोड्याने किंवा पोट साफ झाल्याने जात नाही, त्यासाठी पुढच्या तारखेची वाट न पाहता दूरध्वनी करावा. उलट्या थांबत नसतील, पोट झपाट्याने वाढत असेल, मलावरोधासह कळा येत असतील, तर त्याच दिवशी यावे. एकादशीच्या रात्रीचे पोट या कसोटीत बसत नाही. कागद छोटा आहे, पण तो स्वयंपाकघरात भिंतीला लावल्यानंतर रात्रीचे दूरध्वनी कमी झाल्याचे आमच्या परिचारिका सांगतात.

आता त्या आकड्याविषयी. सीए-१२५ ही रक्ततपासणी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट बास्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली जे प्रतिपिंड शोधले ते त्यांच्या प्रयत्नांतील १२५ वे होते, म्हणून नावात १२५. आपल्या अहवालावर समोर ‘३५पर्यंत’ अशी मर्यादा छापलेली असते. मी हिशेबाचा माणूस असल्याने आकड्याची भुरळ मला समजते. आकडा मनात घर करतो. गेल्या वेळी ९ होता, आता १४ झाला, म्हणजे निम्म्याहून अधिक वाढ, असा हिशेब ती पावतीच्या मागची वजाबाकी सांगते. गणित बिनचूक आहे, पण ते या आकड्याला लागू पडत नाही. मर्यादेच्या आत तो थोडा खाली-वर होतच असतो. यकृताचे विकार, पोटाच्या अस्तराचा दाह, आणि आपल्याकडे विशेष लक्षात ठेवावे असा पोटाचा क्षय, यांतही तो वाढतो. उपचारांनंतर आकडा मर्यादेत आलेल्या स्त्रीबाबत आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाचा निकष असा की, तो मर्यादेच्या दुप्पट, म्हणजे ७० किंवा अधिक, व्हावा आणि किमान एका आठवड्याच्या अंतराने पुन्हा तेवढाच आढळावा. मगच त्यास वाढ म्हणावे. प्रत्यक्षात डॉक्टर सलग चढत जाणाऱ्या आकड्याकडे त्याआधीही लक्ष ठेवून असतात. पण लक्ष ठेवणे हे त्यांचे काम आहे. ते त्यांच्याकडेच राहू द्यावे.

याहून महत्त्वाची गोष्ट मला आमच्या डॉक्टरांनी समजावून सांगितली, आणि ती ऐकून मी चकित झालो. ‘लवकर कळले तर लवकर उपचार, आणि लवकर उपचार म्हणजे अधिक आयुष्य’ हे आपण सर्वच गृहीत धरतो. २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने नेमके हेच तपासले. अनेक देशांतील १,४४२ स्त्रियांनी, उपचारांनंतर आजार पूर्ण आटोक्यात आला असताना, त्यात नाव नोंदविले. दर तीन महिन्यांनी त्यांचे रक्त तपासले जाई, पण आकडा त्यांना व त्यांच्या डॉक्टरांना सांगितला जात नसे. ज्यांचा आकडा मर्यादेच्या दुप्पट झाला अशा ५२९ जणींचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला ताबडतोब केमोथेरपी दिली. दुसऱ्या गटाला प्रत्यक्ष त्रास सुरू झाल्यावर, म्हणजे सुमारे पाच महिने उशिरा. दोन्ही गटांच्या आयुर्मानात फरक पडला नाही. पहिल्या गटाच्या वाट्याला केमोथेरपी मात्र अधिक आली आणि त्यांचे स्वास्थ्य लवकर ढासळले.

यावरून कोणी आपली तपासणी बंद करू नये. त्या अभ्यासानंतर नवी औषधे आली, दुसऱ्या शस्त्रक्रियेचा पर्याय काहींसाठी सिद्ध झाला, आणि म्हणून आकडा केव्हा व किती वेळा पाहावा हे आज प्रत्येकीच्या बाबतीत डॉक्टरांशी बोलून ठरवायचे असते. मी एवढेच म्हणेन की, ज्या भगिनी दर महिन्याला बाहेरच्या प्रयोगशाळेत स्वखर्चाने सीए-१२५ करून घेतात, त्यांच्या पदरात आयुष्याचे अधिक महिने पडतात असा पुरावा नाही. जे पडते ते अधिक वेळा पाकीट उघडणे. सर्वसाधारण वेळापत्रक असे आहे: पहिली दोन वर्षे दर दोन ते चार महिन्यांनी, पुढची तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, आणि नंतर वर्षातून एकदा भेट. त्या भेटीत डॉक्टरांचे प्रश्न व हाताने केलेली तपासणी यांचे मोल रक्ताच्या आकड्याइतकेच आहे.

माझ्या पेशातील एक गोष्ट येथे सांगतो. संस्थेवर एखादा दावा न्यायालयात प्रलंबित असतो. तो विरुद्ध गेला तर मोठी रक्कम द्यावी लागेल, न गेला तर एक रुपयाही नाही. ताळेबंदात त्याचे काय करावे? तो दडविला तर लेखापरीक्षक आक्षेप घेतो. आजच खर्ची टाकला तर वर्षाचा हिशेब खोटा होतो आणि पगाराला पैसे नाहीत असे चित्र दिसते. म्हणून लेखाशास्त्राने त्यासाठी ‘संभाव्य देयता’ म्हणून ताळेबंदाखाली एक टीप ठेवली आहे. आमच्याकडील एका निवृत्त शिक्षिकेशी बोलताना मी हे सहज सांगितले. त्या म्हणाल्या, ‘म्हणजे माझ्या घरात सगळे ती टीप खोडायला सांगतात, आणि मी मात्र रोज रात्री सगळी रक्कम खर्ची टाकते.’ इतक्या वर्षांत हा विषय मला याहून चांगला कोणी समजावून दिलेला नाही.

या भयाचा अभ्यास जगात फार जुना नाही. फिट्झह्यू मलन हे अमेरिकन डॉक्टर स्वतः तरुणपणी कर्करोगातून गेले होते. १९८५ साली त्यांनी लिहिले की, उपचार संपल्यानंतर रुग्णाचा एक स्वतंत्र कालखंड सुरू होतो, आणि त्यावर आजार उलटण्याच्या भीतीचे सावट असते. रुग्णालयाचा आधार मात्र नेमका तेव्हाच सुटतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरनिराळ्या कर्करोगांच्या नऊ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा सुमारे पाचांपैकी एकाचे भय तज्ज्ञाची मदत लागावी इतके तीव्र आढळले. स्त्रियांत व तरुण वयात ते अधिक. मदतीने ते कमी होते, हेही दिसले आहे. ऑस्ट्रेलियात २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात समुपदेशनाच्या अवघ्या पाच बैठका होत्या. त्यांत ‘काळजी करू नका’ असे कोणी शिकवीत नव्हते. मनात विचार आला की त्याच्यामागे न जाता त्याला येऊ-जाऊ कसे द्यावे, तपासणी किती करावी व किती करू नये, आणि उरलेल्या दिवसांत आपल्याला मोलाचे काय वाटते, यांवर काम होते. नुसत्या शिथिलीकरणाच्या व्यायामापेक्षा याने भय अधिक कमी झाले. त्या अभ्यासात स्तन, आतडे व त्वचेच्या कर्करोगाचे रुग्ण होते. पण पाकीट उघडणारा हात सगळीकडे सारखाच थरथरतो, असे मला वाटते.

आता कुटुंबीयांशी दोन शब्द. ‘आता सगळं ठीक आहे, तो विषय नको’ हे आपण प्रेमाने म्हणता. त्याचा परिणाम असा होतो की ती आपल्यापुढे हसते आणि आमच्या परिचारिकेपुढे रडते. आणि आपणही वाहनतळावर एकटे उभे राहून डोळे पुसता, हे आमचा सुरक्षारक्षक मला सांगतो. दोघे एकमेकांना सांभाळण्यासाठी एकमेकांपासून लपवीत असता. तपासणीच्या आठवड्यात निदान एकदा ‘भीती वाटतेय का?’ असे विचारावे आणि उत्तर ऐकून घ्यावे. उपाय सुचवू नये. एवढ्याने आजार उलटत नाही. नाव घेतले की ती व्याधी येते, ही समजूत आपल्यात सुशिक्षित घरांतही आहे म्हणून मुद्दाम सांगतो.

ज्यांना मुली आहेत त्यांचे भय दुहेरी असते. काही जणींत हा आजार बीआरसीए जनुकातील दोषामुळे होतो आणि तो दोष मुलीत किंवा मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. ‘जनुकाची तपासणी केली आणि दोष निघाला तर मुलीचं लग्न कसं जमायचं?’ हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. परंतु त्या तपासणीतून आईच्याही उपचाराची दिशा ठरते, आणि मुलीला तर आईला न मिळालेली संधी मिळते. अपत्यप्राप्तीनंतर योग्य वयात अंडाशय व बीजवाहिन्या काढून टाकल्यास तिचा धोका पुष्कळच कमी होतो. अहवाल गोपनीय असतो. तो कोणाला सांगायचा हे ती व तिची आई ठरवतील. आमच्या नोंदी विभागातून तो बाहेर जाणार नाही, ही जबाबदारी प्रशासक म्हणून माझी आहे.

अध्यक्ष महोदय, आता विश्वस्तांकडे वळतो. या विभागासाठी कर्करोगाचा अहवाल खिडकीवर न देण्याचा नियम आम्ही केला आहे. सकाळी रक्त, दुपारी डॉक्टरांची भेट, आणि आकडा डॉक्टरांच्या तोंडून. मध्ये रात्र नको. त्यासाठी प्रयोगशाळेच्या वेळा बदलाव्या लागल्या, खर्च फारसा आला नाही. खर्च आहे तो माणसाचा. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार आपण एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वळती करतो. त्यातून निर्धन रुग्णांच्या उपचारांची देयके भागतात. भयाचे देयक निघत नाही, म्हणून ते कोणत्याच निधीत बसत नाही. देणगीदार यंत्र देतात, खाट देतात, त्यावर नावाची पाटी लागते, आणि त्यांच्या औदार्याविषयी मला आदरच आहे. समुपदेशकाच्या पगारावर पाटी लावता येत नाही. एक पूर्णवेळ प्रशिक्षित समुपदेशक व दूरध्वनीवर असणारी एक परिचारिका, या दोन पदांचा तीन वर्षांच्या खर्चाचा प्रस्ताव मी पुढील सभेच्या विषयपत्रिकेत घातला आहे. पाचांपैकी एकीला ज्याची गरज आहे, ते आज आमच्या एकट्या समाजसेविका रेशनकार्डाच्या झेरॉक्स तपासण्याच्या मधल्या वेळात करतात.

भगिनींनो, महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी तीन वाजता तळमजल्यावरील ग्रंथालयाच्या खोलीत आपली बैठक असते. तेथे डॉक्टर नसतात आणि फाईल आणावी लागत नाही. ज्यांची पाच-सात वर्षे पार पडली आहेत अशाही येतात, आणि ज्यांचा आजार एकदा उलटून पुन्हा आटोक्यात आला आहे अशाही. नव्या भगिनी पहिल्यांदा येतात तेव्हा बहुधा या दुसऱ्या गटातल्या बाईंच्या शेजारी जाऊन बसतात. काय विचारतात ते मला ठाऊक नाही. मी त्या खोलीत जात नाही. ज्यांचे अहवाल अजून आमच्या कपाटात आहेत, त्यांना आज घरी जाताना ते डॉक्टरांसमवेत उघडून पाहता येतील. खोली क्रमांक चारमध्ये डॉक्टर सहा वाजेपर्यंत थांबले आहेत.